मुकाट्याने टाकून द्यावे

३ मार्च, मंगळवार

मोठ्या साहेबांना आज पुन्हा तेच समजावलं. तीन वर्षं ही वस्तू विकायची म्हणतायत, आणि ती चालते कशी याचा अजून पत्ता नाही! पट्टा रुग्णाच्या मनगटावर, रिसीव्हर वॉर्डच्या भिंतीवर. पट्टा नाडीचे आकडे हवेतून पाठवतो — सुट्या पाकिटांत. प्रत्येक पाकिटावर क्रमांक, आतला मजकूर कुलूपबंद आणि वरून सील. पाकिटं मागेपुढे पोचतात, काही वाटेत हरवतात. हरवलं तर हरवलं, पुढचं येतंच आहे.

"पण मॅडम, सील मोडलेलं पाकीट आलं तर तुमचा रिसीव्हर तक्रार का करत नाही? कळवायला नको?"

नको! मुकाट्याने टाकून द्यायचं. उत्तर नाही, ओरड नाही, कनेक्शन तोडणं तर नाहीच. उद्या कोणी खोडसाळपणे कचरा फेकत बसला तर प्रत्येक कचऱ्याला पोच देत बसायचं का? पाकिटाचं सील जुळत नाही — टाका, पुढे चला. "अच्छा, अच्छा," म्हणाले आणि फोन चाळायला लागले. पालथ्या घड्यावर पाणी.

हा नियम मला मनापासून आवडतो. माणसांनाही लावता आला असता तर निम्मं ऑफिस माझ्यापुरतं शांत झालं असतं.

४ मार्च, बुधवार

साहेबांचं नवीन फर्मान — माझ्या हाताखालचा एक माणूस कमी करायचा. कोण, ते मी ठरवायचं, महिनाअखेरीला अहवाल द्यायचा. म्हणजे वाईटपणा माझ्याकडे आणि बचत ह्यांच्याकडे. वा!

आहेत तरी किती? तिघं. पहिली दोघं म्हणजे जोडगोळी. एक बोलतो, दुसरा हसतो, आणि काम त्या दोघांच्या मधल्या जागेत कुठेतरी पडलेलं असतं. तिसरा कासव. (हे नाव फक्त इथे. तोंडावर म्हणण्याइतकी मी वाईट नाही.) चोपन्न वर्षांचा. वरच्या मजल्यावरचा विभाग बंद झाला तेव्हा आमच्या गळ्यात पडला. हातात पेन्सिल घेऊन स्क्रीन वाचतो! काही विचारलं की आधी चष्मा काढणार, पुसणार, परत घालणार, आणि मग — "मॅडम, एक शंका होती." ह्याची शंका ऐकेपर्यंत माझा चहा थंड होतो.

पण न्याय म्हणजे न्याय. कासवाने लिहिलेला प्रोग्राम मला सहसा पुन्हा वाचावा लागत नाही. जोडगोळीतला एक उचलला तर दुसऱ्याला बोलायला कोणी उरणार नाही — एका दगडात दोन पक्षी. तसंच लिहीन म्हणते.

९ मार्च, सोमवार

चाचणीचा वॉर्ड. महिनाअखेरीच्या प्रात्यक्षिकासाठी हॉस्पिटलने एक रिकामा वॉर्ड दिलाय. परिचारिका रुग्णांसारख्या पट्टे बांधून पलंगांवर लोळतात. त्यांच्या जन्मात एवढा आराम मिळाला नसेल.

सकाळ छान गेली. अकराच्या सुमारास फरशी धुण्याचं यंत्र आलं — केवढा आवाज! — आणि चार नंबरचा पट्टा गप्प. पडद्यावर नाडीच्या जागी नुसती रेघ. पलंगावरची बाई ठणठणीत, बिस्किट खातेय. मनगटावर पट्ट्याचा दिवा लुकलुकतोय, म्हणजे तो पाठवतोय. रिसीव्हर बंद करून चालू केला की पुन्हा सगळं सुरळीत.

जोडगोळीचं निदान — "बॅटरी!" बॅटरी म्हणे. नाचता येईना अंगण वाकडे. उद्या पलंगावर खरा आजारी माणूस असेल आणि पडद्यावर रेघ येईल. मग दाखवा बॅटरी!

कासव नुसता फरशीच्या यंत्राकडे बघत उभा होता. त्याने यंत्र पाहिलं नसेल कधी.

११ मार्च, बुधवार

आज चहाचा कप टेबलावर आदळला. एवढी चिडलेय.

दाराशी बसणारी आमची भोंगा (तिला टेलिफोनची गरजच नाही, नुसती खिडकी उघडली की पुरे) मला जिन्यात गाठून म्हणाली, "मॅडम, माझं नाव घेऊ नका हां. पण काल तुमचे ते सावकाश काका मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये होते. चांगला तासभर! चहा द्यायला गेले तर कानावर पडलं — तुमच्या खुर्चीबद्दल चाललं होतं."

माझ्या खुर्चीबद्दल! तरीच. तरीच तो प्रत्येक ओळ पेन्सिलीने वाचतो. माझ्या चुका गोळा करत असणार. आणि मी मूर्ख, ह्याला वाचवायला निघाले होते! आयत्या बिळावर नागोबा.

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. ह्यांचं चष्म्याचं दुकान, दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघतात, स्वतःला काही दिसत नाही ते नाहीच. म्हणाले, "अगं, पण ती नेमकं काय ऐकून आली? त्यालाच विचार की सरळ."

विचार म्हणे! म्हणजे त्याने सावध व्हावं. सासूबाई म्हणाल्या, "तू जेव आधी. राग गिळला की पोटात दुखतं." दोघं मायलेक एका माळेचे मणी.

१२ मार्च, गुरुवार

कासव "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणाला. तोंडावर गुड मॉर्निंग!

१६ मार्च, सोमवार

सापडलं!!

वॉर्डात फरशीचं यंत्र मुद्दाम फिरवून घेतलं आणि रिसीव्हरला येणारं एकूण एक पाकीट टिपून ठेवलं. दोन नंबरचा पट्टा गप्प झाला. पण पाकिटं येतच होती! अगदी वेळेवर, सील शाबूत, आकडे खरे. रिसीव्हरच त्यांना केराची टोपली दाखवत होता.

का, तर खिडकी. रिसीव्हर प्रत्येक पट्ट्याचा आजवरचा सगळ्यात मोठा क्रमांक लक्षात ठेवतो आणि त्याच्या मागची थोडीच पाकिटं स्वीकारतो. तेवढीच ती खिडकी. त्याहून मागचं आलं की ते जुनं. कोणीतरी साठवून ठेवून पुन्हा पाठवतंय असं समजून टाकून देतो. मोठा क्रमांक आला की खिडकी पुढे सरकते. बरोबर आहे. पण ती कधी सरकवायची? सील तपासल्यावर! आमच्याकडे आधी सरकत होती. यंत्राच्या मोटरने हवेत खरखर केली, एका पाकिटाचा क्रमांक बिघडून लाखांत गेला. रिसीव्हरने तो बघितला, खिडकी लाखांवर नेली, मग सील बघितलं — मोडलेलं — पाकीट टाकलं. पाकीट गेलं, खिडकी मात्र तिथेच! त्यानंतर बिचारा पट्टा जे जे खरं सांगेल ते सगळं जुनं. मुकाट्याने टोपलीत. आणि नियमच असा की कुणी ओरडणार नाही.

पहिल्या वर्षाचा विद्यार्थी करणार नाही अशी चूक. क्रमांक काय, कोणीही लिहील! सील न बघता त्याच्यावर विश्वास ठेवायचा?

कोणी लिहिलं ते बघितलं. कासव. आज मला जेवण गोड लागलं.

१७ मार्च, मंगळवार

सगळ्यांसमोर काढलं. मला वाटलं होतं आता सुरू होईल — वेळ कमी होता, सांगितलंच तसं होतं, जोडगोळीने बिघडवलं. तर हा चष्मा काढून पुसतो काय, आणि म्हणतो काय, "बरोबर आहे मॅडम. माझंच चुकलं. दुपारपर्यंत करतो."

एवढंच! मी पाऊण तासाची तयारी करून गेले होते. दोन ओळी खालीवर केल्या, आणि दुपारपर्यंत झालंसुद्धा. पण साहेबांच्या डोळ्यांत भरला ना! "किती प्रांजळ माणूस" म्हणे. प्रांजळ! बेरकीपणा ओळखायलाही अक्कल लागते.

१९ मार्च, गुरुवार

संध्याकाळी सगळे गेल्यावर माझ्या टेबलाशी आला. आवाज हळू. "मॅडम, पडद्याच्या भागात एक चूक आहे. पट्टा गप्प झाला तरी शेवटचा आकडा मिनिटभर तसाच दिसत राहतो. रेघ उशिरा येते. प्रात्यक्षिकाच्या आधी बदलून घ्या. मी कोणाला बोललेलो नाही."

पडद्याचा भाग माझा आहे.

कोणाला बोललेलो नाही — म्हणजे बोलू शकतो, असंच ना? गोड शब्दांत धमकी. मी म्हटलं, "मला माहीत आहे ते." तो "बरं बरं" म्हणून गेला.

माहीत नव्हतं. घरी आल्यावर बदललं. तरीपण!

२० मार्च, शुक्रवार

कमाल आहे! कासव ह्यांच्या दुकानात गेला होता. म्हणे काडी सैल झाली होती. पुसून पुसून होणारच. हे कौतुकाने सांगतात — "भला माणूस वाटला गं. तुझं फार चांगलं बोलत होता. म्हणाला, मॅडमच्या डोक्याची माणसं कमी असतात."

नवऱ्यामार्फत लोणी! मी म्हटलं, "तुम्ही काडीचे पैसे घेतले ना?" तर नाहीत घेतले. हे असे. ह्यांना कोणीही गुंडाळावं.

सासूबाई मधेच, "अगं, कुणी चांगलं म्हणालं तर ते चांगलं म्हणालं. एवढी चिरफाड कशाला?" मुकाट्याने उठले.

२४ मार्च, मंगळवार

अहवाल दिला. कासवाचं नाव.

लिहायला अवघड काहीच नव्हतं. खिडकीची चूक होतीच. काम सावकाश — खरं आहे. शेवटी एक वाक्य घातलं : "स्वतःहून चूक शोधण्याची वा सुधारण्याची क्षमता आढळली नाही." हे वाक्य दोनदा खोडलं. दोनदा परत लिहिलं. चोपन्नाव्या वर्षी त्याला दुसरीकडे कोण दारात उभं करणार, हे मला कळत नाही असं नाही. पण खुर्चीवर डोळा ठेवताना त्याने हा विचार केला होता का? नाही ना? मग मी का करू?

जोडगोळी आज दिवसभर हसत होती. हसा लेको, तुमचं नशीब.

२७ मार्च, शुक्रवार

प्रात्यक्षिक झालं. हॉस्पिटलचे डॉक्टर, त्यांचे वरिष्ठ, आमचे साहेब नव्या कोटात. मी स्वतः फरशीचं यंत्र आणायला सांगितलं. सगळे बघत राहिले! यंत्र वॉर्डभर गुरगुरत फिरलं. मोडकी पाकिटं ढिगाने आली, ढिगाने गेली, एकही पट्टा गप्प झाला नाही. मग एक पट्टा मुद्दाम काढायला लावला — पडद्यावर ताबडतोब रेघ. मोठे डॉक्टर म्हणाले, "हे उत्तम. जुना आकडा दाखवत राहिला असता तर आम्ही घेतलंच नसतं."

साहेबांनी टाळ्या सुरू केल्या. मी हसले. कासव मागे दाराजवळ उभा होता, तोही टाळ्या वाजवत होता. नाटक्या.

खरेदीच्या करारावर सही झाली.

३० मार्च, सोमवार

कासवाने टेबल आवरलं. एक पेला, एक पेन्सिलींचा डबा, चष्म्याचा रुमाल. बस्स. निघताना माझ्याकडे आला. "येतो मॅडम. तुमच्याकडे बरंच शिकायला मिळालं." टोमणाच तो! जाता जातासुद्धा.

जिना उतरताना मात्र तो मला म्हातारा दिसला. आत्तापर्यंत कसा दिसला नव्हता कोण जाणे. असो.

भोंगा रडत होती. तिला काय, कशालाही रडते.

३१ मार्च, मंगळवार

साहेबांनी बोलावून पेढ्याऐवजी पेन दिलं. मग हसत म्हणाले, "आता सांगायला हरकत नाही. तुमचा आवाज जरा चढतो ना, म्हणून मी त्यालाच विचारलं होतं — मॅडमची खुर्ची घेता का? तासभर डोकं खाल्लं त्याने माझं. नको म्हणजे नको! मॅडमना हलवलंत तर विभाग बसेल, म्हणाला. त्यामुळे तुमचा अहवाल वाचून मी जरा चमकलोच. पण म्हटलं, मॅडम तपासल्याशिवाय लिहिणार नाहीत. तपासलं होतं ना?"

मी "हो" म्हटलं.