तुझ्या जागी मी खेळले

सूनबाई,

डबल ड्यूटी करून तू सोफ्यावरच झोपलीस, म्हणून उठवलं नाही. इकडे हेडफोनमधून तुझ्या गेममधली पोरं ओरडत होती, "ताई, लवकर ये, राक्षस आलाय!" रोज मागे बसून बघते, म्हटलं जमेल. तुझी ती वैदू बाई घेऊन सगळ्यांना बरं करत राहिले. एकालाही मरू दिलं नाही. "काकू, उद्याही या," पोरं म्हणाली.

सहा गेमचा संच आज निम्म्या किमतीत आहे, असंही त्यांनीच सांगितलं. घेऊन टाकला. त्यातला एक दोघींनी मिळून खेळायचाय.

मी भाजी आणायला चाललेय. तेवढ्यात त्याचा फोन आला तर उचलू नकोस. परवा तो तुला काय काय बोलला, ते मला भिंतीपलीकडून ऐकू आलंय. यापुढे माझ्या लेकाशी मीच बोलेन.

आई