मोटरची अकरा मिनिटं

४ ऑगस्ट, सोमवार

कालची नोंद चुकीची आहे. ‘आत्याने अठरा मिनिटं सायकल मारली’ असं लिहिलं. त्यातली अकरा मिनिटं मोटरने मारली. पाय थकले की ही व्यायामाची सायकल आपणहून पायडल फिरवते आणि पडद्यावर दोन्ही मिळून एकच आकडा दाखवते. स्वतःची मिनिटं बघायला कोपऱ्यातलं बटण दाबावं लागतं. मी तीन आठवडे दाबलंच नाही!

म्हणजे थेरपिस्ट बाईंसाठी ठेवलेली वहीही चूक. शुक्रवारी त्या तीच बघून ठरवणार — आत्याला घरी एकटं ठेवायचं का. हट्ट तिचाच. मल्टिपल स्क्लेरॉसिस, डावा पाय सांगितलेलं ऐकत नाही. बाईंनी हो म्हटलं आणि ती न्हाणीघरात पडली, तर ते माझ्या आकड्यांमुळे.

५ ऑगस्ट, मंगळवार

सांगितलं. तिचा पाय पट्ट्यात बांधता बांधता, मान खाली घालून.

‘माहीत होतं,’ म्हणाली. ‘बावीस वर्षं शिलाईचं पायमशीन चालवलंय. कोण ओढतंय ते पायाला कळतं.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘आकडा लिहिताना तुझा चेहरा बघवत होता. नाहीतर एरवी तुझं आपलं परीक्षेला बसल्यासारखं.’

शाळेत जायच्या आधी अक्षरं मला हिनेच शिकवली. खाडाखोड चालायची नाही. ओळ पुन्हा लिहायची. आजही तेच. सायकलमध्ये रोजचे आकडे साठवलेले असतात. ती बटण दाबून वाचत गेली, मी नव्या वहीत लिहीत गेले. एकवीस ओळी. पहिल्या दिवशी तिची स्वतःची मिनिटं — दोन. रविवारी सात.

७ ऑगस्ट, गुरुवार

आठ. पंखा पूर्ण सोडलेला, मानेवर ओला पंचा, कारण अंग तापलं की तिला एकाचे दोन दिसतात. जोर उजव्या पायाचा चौसष्ट टक्के, डाव्याचा छत्तीस. ‘फुकटखाऊ, हल की जरा,’ — हे डाव्या पायाला. उतरल्यावर मांड्या थरथरत होत्या. ‘एवढं पायडल मारलं, साधं झबलंसुद्धा शिवून झालं नाही.’

मी एका चुकीने दोन दिवस जेवले नाही नीट. हिचा पाय रोज चुकतो आणि ही रोज वेळेवर सायकलवर.

८ ऑगस्ट, शुक्रवार

बाईंना दोन्ही वह्या दिल्या, चूक सांगितली. त्या हसल्या. ‘नुसती जुनी वही आणली असतीस तर मी नाहीच म्हटलं असतं. तीन आठवडे रोज नुसते अठराच — म्हणजे काही फरकच नाही. हे दोनाचे आठ म्हणजे कमाई आहे.’

दिवसा एकटं राहायला हरकत नाही. न्हाणीघरात धरायला दांडे बसवायचे, फोन गळ्यात.

‘आणि रात्री?’ आत्याने विचारलं.

‘कोणी सोबत झोपायला असेल तर.’

‘शेजारच्या काकूंना विचारून ठेवलंय.’

मी असताना काकू कशाला? लागलं मनाला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

माझ्या नावाचं पत्र आलं. नकाशे काढायच्या वर्षभराच्या वर्गात प्रवेश मिळाला, दुसऱ्या गावी. तो अर्ज मी भरून खणात ठेवून दिला होता — हिला कोण बघणार म्हणून. हिनेच काकूंकरवी टपालात टाकला.

‘मग सायकल काय मी हौसेने मारत होते?’

शनिवारी दांडे बसतील. रविवारी काकूंना पट्टे बांधायला शिकवीन, आणि ते बटणही. सोमवारी, अठरा तारखेला, सकाळच्या गाडीने मी जाते आहे.