ढब्बूचं शून्य

६ मार्च
ढब्बूने नाक कापलं! माझ्या प्रबंधाच्या प्रयोगात बाकीची अकरा पोरं कशी सरळ वागली — खरा व्हिडिओ कॉल असला की बोलायचं, थांबायचं, उत्तराची वाट बघायची. त्याच कॉलचं रेकॉर्डिंग लावलं की दोन मिनिटांत कंटाळून उठायचं. आणि माझी सख्खी भाची, ताईची पावणेदोन वर्षांची ढब्बू, बाबाच्या खऱ्या कॉललाही पाठ करून बसली! चपलेचं बक्कल चावत. भावोजी परदेशात, रोज संध्याकाळी कॉल करतात. मला वाटलेलं, हिलाच सगळ्यांत जास्त गुण पडतील. कसलं काय नि कसलं काय.

७ मार्च
गाइड मॅडम म्हणाल्या, "हिला प्रयोगातून काढून टाक. ग्राफ बिघडतो." पोर गेली उडत, बाई ग्राफला जपतायत!

९ मार्च
माझी जीभ झडो. ताईला सहज बोलून गेले — ढब्बूला शून्य. तिचा चेहराच उतरला. "ऐकू तर येतं ना गं तिला? डोक्यात काही...?" आणि मी शहाणी वर म्हणते, "दाखवून घे एकदा." पदवी अजून हातात नाही आणि सल्ले देतेय!

१३ मार्च
डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाठीमागून खुळखुळा वाजवला, ढब्बू गर्रकन वळली. चेंडू मागितला, दिला. वर त्यांचा पेन पळवला. "पोरगी ठणठणीत आहे. गोळ्या तुम्हीच घ्या!" मी हसले. ताई नाही हसली. घरी आल्या आल्या दुसऱ्या डॉक्टरांची परवाची वेळ घेतली.

१४ मार्च
मग शून्य आलंच कसं? कॉल पुन्हा पाहिला — आज ढब्बूकडे नाही, भावोजींकडे. महिनाभर नुसती पोरांकडेच बघतेय मी! तक्त्यातले सगळे रकाने पोरांचे. पलीकडच्या मोठ्या माणसासाठी एकही नाही.

ढब्बू कप दाखवते. भावोजी — "अरे वा!" ढब्बू धडपडते, रडते. "अरे वा!" पाठ करून बसते. "शहाणी गं माझी!" भावोजींचे डोळे पडद्याच्या कोपऱ्यात, बोटं टाइप करतायत. दुसऱ्याच कुणाशी तरी चाललंय. मध्येच चक्क लाजले! अशी तिडीक गेली डोक्यात. पोरीने बरोबर ओळखलं होतं — या माणसात आणि रेकॉर्डिंगमध्ये काडीचा फरक नाही. आणि मी तिला शून्य देऊन मोकळी!

ताईला कुठल्या तोंडाने सांगू? नाही सांगितलं तर ती पोरीला दवाखाने फिरवत बसेल.

१५ मार्च
सकाळीच सांगून टाकलं. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले नाहीत.

"माहितेय मला. वर्ष झालं."

मग फ्रॉकची घडी मोडून पुन्हा घालत म्हणाली, "पोरीतच काही निघालं असतं तर बरं झालं असतं गं."