छपराला टांगलेले दोन टन

३ फेब्रुवारी, सोमवार

मिळालं! छप्पर मला मिळालं! या टोकापासून त्या टोकापर्यंत आख्खं!

फोरमनने सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं, "वाघिणीच्या छपराचं वेल्डिंग बाई करतील. बाकीच्यांनी मधे लुडबुड करायची नाही." दोघातिघांची तोंडं एवढीशी झाली. माझं तोंड मुखवट्याआड होतं म्हणून बरं. बत्तीशी मिटत नव्हती.

काम साधं नाही. मालगाडीची बंद वाघीण, वरचा पत्रा इतका पातळ की बोटाने टकटक केलं तरी वाजतो. आणि आता त्याच छपराला चेनपुली टांगायची, दोन टनांचं यंत्र आतल्या आत उचलायचं, हव्या त्या कोपऱ्यात ठेवायचं. बंद वाघिणीत क्रेनचा आकडा जाणार कुठून? छप्पर आडवं येतं. म्हणून आजवर जड माल दारातून आत घ्यायचा आणि पुढे पहारी, लोखंडी नळ्या आणि माणसांचे खांदे.

त्यातला एक खांदा आमच्या घरचा. नवरा मालधक्क्यावर हमाल. आठ जणांची टोळी आहे त्यांची. गेल्या वर्षी डॉक्टरने स्पष्ट सांगितलं — उचलणं बंद करा, नाहीतर एक दिवस स्वतःलाच उचलून न्यावं लागेल. हा हसला. "काही नाही गं, उसण भरलीय." वर्ष होत आलं, अजून उसणच! सकाळी पलंगावरून तीन हप्त्यांत उठतो आणि वर शीळ घालतो, मला कळू नये म्हणून. काम सोड म्हटलं की एकच उत्तर, "मला उचलण्याशिवाय दुसरं येतं काय?"

पहिली वाघीण त्याच्याच धक्क्यावर जाणार आहे. चेनपुलीला पाठ लागत नाही, हात पुरतो. कारखान्याला हे छप्पर म्हणजे एक काम. मला ती त्याची पाठ आहे. हे कोणाला बोलले नाही. इथे लिहून टाकलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

फोरमनशी वाजलं. त्याला आम्ही सगळे मागून मिलीमीटर म्हणतो. त्याच्या तोंडात दुसरं मापच नाही. लग्नाच्या आहेरातली चादरसुद्धा मिलीमीटरमध्ये मोजली असेल त्याने.

नकाशात छपराखालच्या कमानी पत्र्याच्या कडेपाशीच थांबत होत्या. मी म्हटलं, साहेब, अशाने सगळा भार कडेवर येईल, पत्रा कागदासारखा फाटेल. कमानीचे पाय खाली खांबांवर उतरवा, दोन वीत तरी. भार खांबांनी घ्यावा. पत्र्याने फक्त पावसाचं बघावं.

"दोन वीत म्हणजे किती मिलीमीटर, बाई?"

हाताची वीत पट्टीवर ठेवली. "तीनशे नव्वद!"

तो पाच मिनिटं नकाशाकडे बघत राहिला. मग वरच्या ऑफिसात गेला. संध्याकाळी नकाशा बदलून आला, चारशे मिलीमीटर! वरचे दहा त्याने स्वतःच्या मोठेपणासाठी वाढवले असणार. वाढवू दे.

१० फेब्रुवारी, सोमवार

चार कमानी लागल्या. डोक्यावर बघून बघून मान आखडली, एक ठिणगी कॉलरमधून थेट आत गेली. नाचलेच! खूश आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी अख्खी टोळी घरी. बसायला जागा पुरेना, दोघं दारातच टेकले. सासूबाई पहिल्यांदा कुरकुरल्या, मग सगळ्यात मोठ्याने त्याच हसत होत्या.

मुकादम चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, "वहिनी, छपराचं कुठवर आलं?" लगेच दुसरा, "मार्चपर्यंत होईल ना?" तिसऱ्याला तर कमानी किती, तुळई किती जाड, सगळं ऐकायचं होतं. इतकी चौकशी माझ्या माहेरच्यांनीही कधी केली नाही.

मी विचारलंच, "भाऊ, पुली आली की माणसं कमी करतील असं नाही वाटत तुम्हाला?"

मुकादम म्हणाला, "धक्क्यावर तीन महिन्यांची यंत्रं पडून आहेत वहिनी. हात लागतातच. पाठी पुरत नाहीत."

नवरा तेव्हा एकदम उठून पाणी आणायला गेला. मला वाटलं, पाठीचा विषय निघाला म्हणून. मानी आहे ना.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नऊच्या नऊ कमानी झाल्या! मधली लांब तुळईही चढली. या तुळईवरूनच पुली इकडून तिकडे सरकणार. रिकामी पुली ढकलून बघितली. सुळकन् गेली. मी आणि फिटर, आम्ही दोघं लहान मुलांसारखे तिला इकडून तिकडे ढकलत बसलो, मिलीमीटर येईपर्यंत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नापास.

लिहायलाही हात होत नाही. तरी लिहिते.

छपराची परीक्षा घ्यायला तपासनीस बाई वेळेवर आल्या. दोन टनांच्या लोखंडी लाद्या आधीच वाघिणीच्या तळावर ठेवल्या होत्या. मिलीमीटरने मापाची काठी तळावर उभी करून मधल्या तुळईपर्यंतची उंची घेतली. मग फिटरने साखळी ओढली. लाद्या तळापासून सुटल्या, वीतभर वर आल्या, टांगल्या राहिल्या. कुठे करकर नाही, कुठे तडा नाही. मी मनातल्या मनात नाचत होते. मिलीमीटरने पुन्हा काठी लावली. उंची अकरा मिलीमीटरने कमी!

"सहापर्यंत चालतं," तपासनीस बाई म्हणाल्या. "अकरा म्हणजे तुळई फारच वाकतेय." आवाज शांत होता, त्यामुळे जास्त लागलं. पुढच्या गुरुवारी त्या पुन्हा येतील. तेव्हाही असंच आलं तर कमानी उतरवायच्या आणि सगळं कामच रद्द.

मिलीमीटर माझ्याकडे न बघता म्हणाला, "जोड तर चांगलेच दिसतायत, बाई." त्याने चांगलं बोलावं म्हणजे संपलंच. तो शिव्या देतो तेव्हा सगळं ठीक असतं.

घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "अगं, माझी पाठ काय तुझ्या छपरावर टांगलीय का?"

"टांगलीच आहे!" मी ओरडले. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रत्येक जोड भिंगातून पाहिला. एकही कच्चा नाही. मग वाकलं काय?

२३ फेब्रुवारी, रविवार

सापडलं! सापडलं, सापडलं, सापडलं!

दुपारी सोफ्यावर बसले होते, शेजारी सासूबाई विणत होत्या. सासूबाई म्हणजे भक्कम काम. त्या बसल्या की सोफा त्यांचाच होतो, आपण आपले उतारावरून त्यांच्याकडे घसरत राहायचं. त्यांचा लोकरीचा गुंडा पडला, त्या उचलायला उठल्या आणि मी चार बोटं वर आले! डोक्यावरच्या दिव्याची झालर टाळूला लागली.

मी तिथेच गोठले. दिवा खाली आला नव्हता. मी वर गेले होते!

वाघिणीचा तळसुद्धा दोन टनांखाली दबलेला होता. लाद्या उचलल्या, तळ मोकळा झाला, वर आला. काठी तळावर उभी! मग उंची कमी झाली ती थोडी तुळईमुळे आणि बाकीची तळामुळे! अकराचे अकरा बिचाऱ्या छपराच्या नावावर!

"आई, बसा! आता उठा! परत बसा!" मी पट्टी घेऊन सोफ्यासमोर ओणवी. सासूबाई तीनदा बसल्या, तीनदा उठल्या. चौथ्यांदा म्हणाल्या, "अगं, सुनेला वेड लागलं तर माहेरी कळवायचं असतं का?"

त्यांचा मुका घेतला. का, ते त्यांनाही कळेना आणि मलाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मिलीमीटरला सांगणं सोपं नव्हतं. तीस वर्षं तो छपरं तळापासूनच मोजतोय. आणि त्याचं बरोबरच होतं! कारण आजवर छपराची परीक्षा म्हणजे वर वाळूची पोती रचायची. तळ रिकामा, जिथल्या तिथे. कारखान्यात सगळे असंच मोजतात, मीही असंच शिकले, त्याच्याकडूनच. वजन तळावरून उचलून छपराला टांगायचं ही भानगड आमच्यात कोणी केलीच नव्हती.

सोफ्याची गोष्ट सांगितली. सासूबाईंचं वजन मात्र सांगितलं नाही. तो ऐकत होता, चष्मा काढून पुसत होता. मला वाटलं आता फोडून काढणार.

"तीस वर्षं," तो म्हणाला. मग चष्मा डोळ्यांवर चढवून, "तार आहे का बारीक?"

वाघिणीच्या दोन टोकांच्या भिंतींमध्ये तार ताणली. आता तिच्यापासूनच मोजायचं — तुळई किती खाली येते आणि तळ किती वर. लाद्या उचलल्या. मिलीमीटर गुडघ्यांवर बसला, मग शिडीवर चढला, मग परत गुडघ्यांवर.

तळ वर, साडेसहा. तुळई खाली, साडेचार.

साडेचार!!

तो शिडीवरूनच ओरडला, "बाई, मिलीमीटर!" बस, एवढंच. याहून मोठं कौतुक त्याच्या शब्दकोशात नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पास.

तपासनीस बाईंनी तार बघितली, काठी बघितली, मिलीमीटरकडे बघितलं. हा म्हातारा माणूस सरळ उभा राहून म्हणाला, "मागच्या वेळी मोजण्यात चूक माझी होती. जोड या बाईंचे आहेत, त्यात चूक नव्हती." बाईंनी स्वतः मोजलं, साडेचारच. कागदावर सही केली आणि जाता जाता हळूच विचारलं, "ही सोफ्याची युक्ती सुचली कशी?" म्हणजे मिलीमीटरने आधीच सगळीकडे सांगून ठेवलंय!

जीव भांड्यात पडला. घरी सांगितलं तर नवऱ्याने मला उचलायला हात पुढे केले. मी दोन पावलं मागे. "खबरदार!" मग दोघंही हसत सुटलो. सासूबाई आतून, "यात माझा वाटा किती ते सांगा आधी."

८ मार्च, शनिवार

वाघीण रंगून निघाली. फाटकापर्यंत तिच्यामागे चालत गेले. लेक सासरी निघावी तसं काहीतरी वाटलं. हसू आलं स्वतःचंच.

१४ मार्च, शुक्रवार

रजा टाकून मालधक्क्यावर गेले. बघणार नाही तर काय!

माझी वाघीण धक्क्याला लागलेली, दारं उघडी. दारात पंपाचं मोठं यंत्र, पावणेदोन टनांचं. टोळी बाजूला उभी. मुकादमाने साखळी नवऱ्याच्या हातात दिली. "तू."

तो ओढायला लागला. एका हाताने! साखळी किरकिर करत उतरत होती आणि ते धूड बोटबोट वर येत होतं. मी यंत्राकडे बघितलंच नाही. आधी माझे जोड बघितले, मग त्याची पाठ. दोन्ही सरळ. त्याने यंत्र अलगद कोपऱ्यात नेलं, खाली ठेवलं आणि वळून माझ्याकडे बघितलं. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही एवढा हसला नव्हता.

टोळीने काय आरडाओरडा केला! धक्क्यावरचे कारकून बाहेर आले. मुकादम डोळे पुसत होता. धूळ गेली म्हणे. एवढ्याशा गोष्टीला कोणी रडतं का, मला गंमतच वाटली.

१६ मार्च, रविवार

आज चहा पिताना नवरा खाली बघून बोलला. गेले अकरा महिने त्याने एकही पेटी उचललेली नाही. डॉक्टरने सांगितलं त्याच दिवशी तो काम सोडायचं म्हणून मुकादमाकडे गेला होता. टोळीने सोडू दिलं नाही. त्याला मधे उभं करायचे. हात लावायचा, सगळ्यांबरोबर ओरडायचं, भार घ्यायचा नाही. ऑफिसला आठ जण दिसायचे, उचलायचे सात. मला कोणीच ताकास तूर लागू दिली नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"लाज वाटायची गं."

मी वर्षभर त्याची पाठ वाचवायला धडपडले, आणि ती त्या सात जणांनी केव्हाच वाचवली होती, स्वतःच्या पाठींवर घेऊन. आमच्या घरी बसून चहा पीत विचारत होते, वहिनी, मार्चपर्यंत होईल ना? आणखी किती महिने ओढायचं, ते मोजत होते!

उद्या सातही जण जेवायला येतायत. सासूबाईंना विचारलंसुद्धा नाही.