बारवेसाठी अमेरिकेतून

आये, पाया पडते.

मी बरी हाय, येळेवर जेवते. आबांचा खोकला थांबला का? घरचा फोन दादाच्या हातात असतो, म्हणून हे पत्र.

इथं मी या देशाच्या पहिल्या अध्यक्षाचा नदीकाठचा जुना बंगला लोकांना फिरून दाखवते. दीडशे वर्षांमागं तो पडायला आलता, सरकारनं हात वर केले. तवा बायांना मतसुद्धा न्हवतं, तरी त्यांनीच गावोगावी मैतरणींना पत्रं लिहून, वर्गणी गोळा करून तो वाचवला. हे रोज सांगताना मला आपली बारव दिसती, अन् जीव थाऱ्यावर राहत न्हाई.

दादा ती बुजवून गाळे काढणार म्हणं. सातबाऱ्यावर तर तुझं नाव हाय. औंदा संक्रांतीचं हळदीकुंकू बारवेच्या पायऱ्यांवरच ठेव, आष्ट्यातल्या साऱ्या बायांना बोलाव.

तोवर दादानं सहीला कागद आणला, तर चष्मा सापडत न्हाई म्हण.

तुझी दीपमाला