अधिकार सगळे एकाला

४ जानेवारी
लेख आला. धुळ्याहून संपादकांचा फोन – "झणझणीत." दूरच्या एका देशात राष्ट्राध्यक्षाने संसद घरी पाठवली, न्यायाधीश आपले बसवले. त्याच्यावर मी लिंबायतेतून, आमच्या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतून, तोफ डागली. संस्कृत शब्द जरा जास्त झाले. राष्ट्राध्यक्ष अजून खुर्चीत आहे, असं ऐकतो.

८ जानेवारी
वस्तीच्या मंडळाची सभा. आमच्याकडे सह्या आधी, ठराव मागून. लूमवाल्यांना सातची पाळी, ते थांबणार कसे? अर्धं पान कोरं सोडायचं, खाली सह्या घ्यायच्या, वरचं कार्यवाहाने – म्हणजे मी – सावकाश भरायचं. वीस वर्षं हेच चाललंय.

सगळे गेल्यावर अध्यक्ष वाल्मिकभाऊंनी थांबवलं. प्रत्येक कामाला पंचवीस जणांना काय विचारायचं? एकच ठराव टाका गुरुजी, अधिकार सगळे अध्यक्षाला. भाऊ कामाचा माणूस. नळ, गटार, रेशनकार्ड, सगळं त्यांनीच केलेलं. मी लिहिलं – 'सर्वाधिकार प्रदान करण्यात येत असून त्याविरुद्ध दाद मागता येणार नाही.' दोनदा वाचलं. वाक्याला काय घाट आलाय, असं वाटलं!

२१ जानेवारी
मंडळाच्या हॉलला नवं कुलूप. आत प्रमिलाबाईंचं पाळणाघर चालायचं. एकोणीस पोरं, त्यांच्या आया दिवसभर साड्यांवर टिकल्या लावायला जातात. भाऊंनी हॉल एका साडीवाल्याला गोदामासाठी देऊन टाकला. विचारायला गेलो तर हसले. "वहीत आहे ना, गुरुजी?"
वही माझ्याच कपाटात.
प्रमिलाबाई पायरीवर, मांडीवर दोन पोरं. मला बघून सरकून जागा केली. मी घाईत असल्यासारखा चालत राहिलो.

२२ जानेवारी
पर्वत पाटिया नाक्यावर हॉलपुढून न जाता लांबच्या रस्त्याने गेलो. रिक्षावाल्याला कारण सांगितलं – हवा बरी आहे.

२४ जानेवारी
टिकल्यांचं काम चौघीजणींचं सुटलं. पोरं सांभाळायला कोणी नाही.

२५ जानेवारी
प्रमिलाबाई घरी आल्या. हॉलसाठी चॅरिटी ऑफिसात, धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज द्यायचाय, लिहून द्या. मी चहा ठेवला, चष्मा शोधला, पेन शोधलं. शेवटी शोधायला काही उरलं नाही. म्हणालो, तो ठराव मीच लिहिला.
त्यांनी बशीतला चहा संपवला. "माहिती शे. भाऊनी झेरॉक्स दखाडी, तुमनं अक्षर वळखस मी."
मग सह्या का करता कोऱ्यावर, असं मीच उलट विचारलं. काय पण तोंड माझं!
"तुम्ही लिखतस म्हणून आम्ही करतस ना, गुरुजी."
राष्ट्राध्यक्षावरचा लेख टेबलावरच होता. मी त्याच्यावर वर्तमानपत्र टाकलं.

२७ जानेवारी
सकाळी साडेसहाला लूमच्या फाटकाशी सगळ्यांसमोर कबूल झालो. सह्या तुमच्या, मजकूर माझा, तुम्हाला न विचारता लिहिलेला. कोणी चिडलं नाही, हे जास्त लागलं. अर्ज इथेच लिहून वाचून दाखवतो म्हणालो, तर भोंगा झाला. मंडळातला भिकन म्हणाला, कागद द्या, तुम्ही नंतर भरा. तेवीस सह्या झाल्या, कोऱ्या पानावर. जाता जाता म्हणाला, आता अध्यक्ष तुम्हीच व्हा, गुरुजी.
मी नाही म्हणालो नाही.