साळूबाईची ओटी

शनवार, १० नोव्हेंबर ७३, मिरज

आज बी साळूबाईच पयली. भेटायची घंटा व्हायच्या आधी खाटंपाशी हजर. मागं तिचा मालक नाथाजी, खांद्यावर घोंगडं. दवाखान्यात त्यांचं कोण हाय ते अजून इचारलं न्हाई, पर बाई लय गोड. मी पाटणची, नातीच्या पोटाचं आपरेशन म्हणून इथं येऊन पडलेली, मिरजंत माझं दुसरं हाय कोण? आज बनूनं वाटीभर पेज खाल्ली. वर साखर मागितली. बापावर गेलीय, आमचा जालिंदर बी असाच गोडखाऊ. त्या खुशीत साळूबाईची ओटी भरली, खण, नारळ, तांदूळ, आन मी तिला आमच्या घरी या म्हणाले. ओटीतलं चार दाणं माघारी टाकत्यात, भरणारीचं घर रितं होऊ न्हाई म्हणून. तिनं टाकलं न्हाईत. हसून म्हणाली, “उरलेलं न्यायला घरीच येते की.” बोलायची रीत असंल तिची.

सोमवार

बुधवारी घरी सोडणार! सिस्टरनं समदं समजावलं. पाणी उकळून द्यायचं, गोळ्या जेवल्यावर, खाट चुलीच्या धुरापासनं लांब, जीप खड्ड्यात हळू, आन कुणाला पोरीजवळ बसू द्यायचं न्हाई. शेजारच्या खाटंवरची पारूबाई आज हसत घरी गेली. तिनं बी साळूबाईची ओटी भरलीवती. साळूबाईनं आमचं कवा म्हणून इचारलं. मी सांगितलं. मग गुरवारी येतो म्हणाली दोघं.

मंगळवार

पारूबाई गेली. तिचा भाऊ ऱ्हायलेली भांडी न्यायला आलाता. गाडीतनं उतरली, उंबऱ्यावर बसली ती बसलीच. अंगणात कोण म्हातारा आधीच घोंगडं अंथरून बसलावता म्हणं. संगट बायको.

वार्डातली आया आक्काताई हळूच म्हणाली, बोलावल्याबिगर ती कुणाच्या घरी जात न्हाई.

मी बोलावलं. मीच —

डाक्टरच्या पाया पडले, पोरीला ठिवा. पोर बरी हाय, खाट दुसऱ्याला पायजे म्हणाले. न्यायला आलेला जालिंदर म्हणतो, आये, खुळी झालीस.

बुधवार, पाटण

पोचलो. अंगण मोकळं हाय. खाट मधल्या घरात. दाराला कडी.

पेजंसाठी तांदळाचा डबा काढला. रिता. सून म्हणती, सकाळी भरलावता —

बनू भिताडाकडं सरकती. जागा करती. कुणाला गं म्हटलं तर —

खाटंखाली घोंगडं. आमचं न्हाई.

आज बुधवारच हाय. गुरवारी येतो म्हणालीवती, गुरवारी —